परसातले सफरचंद : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

सफरचंद हे फळ आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. परंतु सफरचंदाचे झाड आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. आमच्या खेड्यात तर हे फळ मुख्यतः दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना पिशवीतून न्यायचे. बोर, चिंच, पेरू, जांभूळ यांचे तसे नाही. त्यांच्या फांद्यांवर आम्ही बसलो, त्यांचा बहर पाहिला, त्यांची कच्ची फळे मिठाबरोबर खाल्ली. सफरचंदाचे फळ मात्र झाडावाचून आमच्याकडे आले. फळ ओळखीचे आणि झाड अनोळखी, अशी ही अवस्था आहे.

गेल्या काही वर्षांत ही अवस्था बदलू लागली आहे. उष्ण प्रदेशातही येणारे सफरचंद म्हणून काही जातींची रोपे महाराष्ट्रात विकली जाऊ लागली आणि काही शेतकऱ्यांनी ती लावलीही. तेव्हा हे झाड मूळचे कोठले, त्याला काय हवे असते, ते आपल्या परसात लावावे काय, लावल्यास फळ केव्हा व कसे उतरवावे, या प्रश्नांचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी शेतकी महाविद्यालयाची विद्यार्थिनी नव्हे. परंतु भूगोल हा माझा विषय आहे आणि शेतकऱ्याचे घर हे माझे घर आहे. या अभ्यासाला घरातलेच एक निमित्त घडले. ते पुढे योग्य जागी येईल.

मूळ भूमी

सफरचंद हे गुलाबाच्या कुळातील झाड. त्याचे फूल पाच पाकळ्यांचे, पांढरे आणि कळीच्या वेळी गुलाबी असते. या झाडाची मूळ भूमी मध्य आशियातील तिएनशान पर्वताचे उतार ही होय. आजच्या कझाकस्तानातील अल्माटी या शहराच्या आसपासच्या डोंगरांत रानटी सफरचंदाची जंगले आहेत. ‘अल्मा’ म्हणजे कझाक भाषेत सफरचंद. तेव्हा शहराच्या नावातच फळ आहे. निकोलाय वाविलोव्ह हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ १९२९ साली तेथे गेला असता ही जंगले पाहून सफरचंदाचे जन्मस्थान हेच, असे त्याने मत मांडले. पुढे २०१० साली सफरचंदाच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यातून याच मताला पुष्टी मिळाली. ज्याने जगाच्या धान्यफळांचे मूळ शोधले तो वाविलोव्ह स्टालिनच्या राजवटीत कैदेत पडला आणि १९४३ साली तुरुंगातच वारला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या मूळ भूमीचे हवामान ध्यानात ठेवले म्हणजे झाडाचा स्वभाव उलगडतो. तेथे हिवाळा लांब व बर्फाचा, वसंत ऋतू थोडका आणि उन्हाळा कोरडा. अशा ठिकाणी जगायचे तर हिवाळ्यात पाने टाकून निजायचे आणि थंडी खरोखर सरल्यावरच जागे व्हायचे, हे झाड शिकले. आपल्याकडील सफरचंदाचे बहुतेक प्रश्न या निजण्याजागण्याच्या सवयीतूनच निर्माण होतात.

बीचे झाड आणि कलमाचे झाड

सफरचंदाची बी लावली तर झाड येते. परंतु आईसारखे फळ येत नाही. कारण सफरचंदाचे फूल बहुधा स्वतःच्याच जातीच्या परागाने फळत नाही, त्याला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे दोन निराळ्या घराण्यांची संतती. एका फळात आठ बिया निघाल्या तर आठ निराळी झाडे होतील आणि त्यांतील बहुतेकांची फळे आंबट, लहान अथवा तुरट असतील. आपल्याकडे रायवळ आंब्याच्या कोयीचे होते, तसेच हे. म्हणून हापूसप्रमाणे सफरचंदाचीही चांगली जात टिकवायची तर कलमच करावे लागते.

याची दुसरी बाजू मात्र मोठी मनोरंजक आहे. हजार बियांतून एखादे झाड असे निघते की त्याचे फळ आईपेक्षाही सरस असते. असे झाड कोठे निघेल याचा नेम नसतो. जगातील नामांकित जाती पाहू गेले असता त्यांतील कितीतरी कुणाच्या तरी परसात आपोआप उगवलेल्या आहेत.

इंग्लंडमधील साउथवेल गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ साली घराच्या बागेत काही बिया लावल्या. त्यातील एका झाडापासून स्वयंपाकात वापरावयाची ‘ब्रॅम्ली’ ही इंग्लंडची प्रसिद्ध जात निघाली. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले. एका रोपवाटिकावाल्याने कलमासाठी काड्या मागितल्या तेव्हा ‘जातीला माझे नाव द्याल तर न्या,’ अशी त्याने अट घातली. बी लावणारीचे नाव राहिले नाही, घर विकत घेणाऱ्याचे राहिले! ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ या शेतकरी बाईंच्या आवारात टाकून दिलेल्या सफरचंदांच्या जागी एक रोप उगवले. त्याची दखल १८६८ साली घेतली गेली आणि तीच आज बाजारात हिरवीगार दिसणारी ‘ग्रॅनी स्मिथ’. येथे सुदैवाने आजीबाईंचे नाव फळाला चिकटले. बहामा बेटांवरील नासाउ येथे डॉर्सेट नावाच्या बाईंकडे उगवलेले ‘डॉर्सेट गोल्डन’ हे सफरचंद तर उष्ण प्रदेशांसाठी मोलाचे ठरले.

तात्पर्य, सफरचंदाच्या इतिहासात परसाचे स्थान मोठे आहे. संशोधन केंद्रांनी पुष्कळ केले, पण निरीक्षण करणारा माणूस आणि घरामागची चार हात जागा यांनीही थोडे केले नाही.

हिमालयात सफरचंद

आपल्या देशात काश्मीरात सफरचंद जुने आहे. हिमाचलातील बागायती मात्र अलीकडची. कुलू खोऱ्यात बंद्रोल येथे कॅप्टन ली या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० च्या सुमारास बाग लावली. इंग्रजी जाती आंबूस होत्या, आपल्या लोकांना त्या रुचल्या नाहीत. गोड सफरचंद आणले ते सॅम्युएल स्टोक्स यांनी. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १८८२ साली जन्मलेले हे गृहस्थ १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले, सिमल्यापलीकडील कोटगढ येथे स्थायिक झाले आणि तेथल्याच एका मुलीशी त्यांनी विवाह केला. १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेहून ‘रेड डेलिशस’ची रोपे मागवून लावली आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही ती लावण्यास उद्युक्त केले. असहकाराच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले आणि १९४६ साली ते निवर्तले. डोंगरउतारावरच्या लहान शेतकऱ्याला रोकड पीक मिळवून देण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

दुसरे नाव आहे हरिमन शर्मा यांचे. बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला हे त्यांचे गाव सुमारे १,८०० फूट उंचीवर, म्हणजे हिमाचलाच्या मानाने सखल व उष्ण भागात आहे. सफरचंद पाच हजार फुटांच्या वरच येते असा तेथील सर्वांचा समज. १९९८ साली त्यांनी खाण्यासाठी आणलेल्या सफरचंदांच्या बिया परसात टाकल्या. पुढच्या वर्षी तेथे एक रोप दिसले. ते त्यांनी जपले. २००१ साली त्याला फळे आली. त्या झाडाच्या काड्या घेऊन त्यांनी अलुबुखाराच्या खुंटावर कलमे बांधली आणि २००५ पर्यंत लहानशी बाग उभी केली. हीच ‘एचआरएमएन-९९’ ही जात. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या साहाय्याने ती निरनिराळ्या राज्यांत गेली. २०२५ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. महाराष्ट्रात सफरचंदाची जी रोपे आली, त्यांत ही जात प्रमुख आहे. म्हणजे आपल्यापर्यंत सफरचंदाचे झाड पोहोचले तेही एका परसातूनच.

थंडीचा हिशेब

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सफरचंदाला थंडी कशासाठी लागते? फळासाठी नव्हे, तर जागे होण्यासाठी. हिवाळ्याच्या आरंभी झाड आपले डोळे बंद करते. मध्येच आठवडाभर ऊन पडले आणि झाड फसून फुलले, तर पुढच्या हिमाने सारा मोहोर जळेल. म्हणून झाड जणू थंडीचे तास मोजते. ठराविक तास भरल्याशिवाय ऊब आली तरी डोळा फुटत नाही. शून्य ते सुमारे सात अंश सेल्सिअस तापमानाचे तास मोजण्याची पद्धत आहे. ‘डेलिशस’सारख्या जुन्या जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. ‘ॲना’ व ‘डॉर्सेट गोल्डन’ या कमी थंडीच्या जातींना दोन-तीनशे तासांत भागते.

आमच्याकडे, सांगोला तालुक्याच्या माळावर, कडाक्याची थंडी म्हणजे पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो. सात अंशांखालचे तास जवळजवळ नाहीतच. १९७४ साली अमेरिकेतील युटा येथील संशोधकांनी थोडी निराळी मोजणी सुचवली. तिच्यात नऊ ते बारा अंशांच्या तासाला अर्धा गुण मिळतो. पण सोळा अंशांच्या वर गेलेला वेळ जमेतून वजा होतो. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे मिळवलेले गुण दुपारचे तिशीतले ऊन पुसून टाकते. कोणत्याही पद्धतीने मोजले तरी आमची जमा तुटपुंजीच.

मग उष्ण प्रदेशात सफरचंद येतच नाही काय? येते. त्याचे उत्तम उदाहरण जावा बेटावरील बाटू या डोंगराळ भागात आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ हिवाळा असा नसतोच. तेथील शेतकरी फळे उतरवल्यावर सुमारे महिन्याभरात झाडाची सारी पाने हाताने तोडतात आणि फांद्या वाकवून आडव्या बांधतात. झाडाला गाढ झोप लागण्याच्या आतच त्याला पुन्हा फुटायला लावायचे, ही त्यातली युक्ती. या रीतीने तेथे वर्षात दोन पिके निघतात. डाळिंबाचा बहर धरताना ताण देऊन पानगळ करणे, किंवा द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी करणे, हे आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. तत्त्व बरेचसे तेच आहे. म्हणजे थंडीची उणीव काही अंशी हाताच्या श्रमांनी भरून काढता येते. पण ते श्रम प्रत्येक झाडामागे, प्रत्येक पानामागे असतात, हे विसरून चालणार नाही.

हवामानाची ही गोष्ट खुद्द हिमाचलातही घडत आहे. हिवाळे उबदार होऊ लागल्याने सफरचंदाचा पट्टा डोंगरावर वर वर सरकत असून कुलू खोऱ्याच्या खालच्या भागात काहींनी सफरचंद काढून डाळिंब लावले आहे. तेथे सफरचंदाच्या जागी डाळिंब येत असताना आमच्या तालुक्यात डाळिंबाच्या जागी सफरचंदाचा विचार चालावा, हा योगायोग भूगोलाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा असा आहे.

आमच्या घरचा प्रश्न

आता ते निमित्त. आमचे दीड एकर डाळिंब होते. आधी तेल्या आला, मागून मर लागली आणि वर्षभरात बाग उपटावी लागली. त्याच सुमारास एक रोपविक्रेता गावात आला. त्याच्याजवळ फोटोंचा एक संग्रह होता. प्रत्येक फोटोत लालभडक सफरचंदांनी वाकलेले झाड. एकरात दहा बाय बारा फुटांवर ३६३ रोपे बसतात, दुसऱ्या वर्षापासून पैसा, असा त्याचा हिशेब. वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बैल विकून व सोसायटीचे थोडे कर्ज काढून एकरभर लागवड करण्याचे मनात घेतले.

घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अण्णांनी एका रात्री विचारले, “पोरी, तुझ्या भूगोलात काय लिवलंय ते बघ बरं. हितं येतंय का हे झाड?” आजवर माझ्या पुस्तकांतले मला घरात कुणी काही विचारले नव्हते. मी आमच्या प्राध्यापकांना विचारले, ग्रंथालयात मिळाले ते वाचले आणि वर दिलेला थंडीचा हिशेब वहीवर मांडून अण्णांना वाचून दाखवला.

मी त्यांना सांगितले ते असे : अण्णा, झाड येईल, फळही येईल. जूनमध्ये, डोंगरातले नवे फळ बाजारात नसताना ते तयार होते, हा त्याचा खरा फायदा आहे. परंतु फोटो एका झाडाचा असतो, बागेचा नसतो. आपल्या उष्ण रात्रींत फळाला लाली कमी चढते, ते लवकर नरम पडते आणि कोल्डस्टोरेजमधल्या लालभडक फळाशेजारी ग्राहक ते उचलील की नाही हे कळत नाही. ३६३ झाडांची पाने दर वर्षी हाताने काढायची तर मजुरी किती? तेव्हा आधी परसात दोन झाडे लावू. ती काय म्हणतात ते तीन वर्षे पाहू.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दोन झाडांनी हप्ता फिटत न्हाई, पोरी.” मी म्हटले, “पण नवा हप्ता तरी अंगावर येणार नाही.” त्यावर ते काही बोलले नाहीत. त्या साली रानात तूर व ज्वारी पेरली, बैल दावणीला राहिले आणि न्हाणीघराच्या मागे दोन खड्डे निघाले.

परसातली लागवड

दोन झाडे का, याचे कारण वर आलेच आहे : एकमेकांच्या परागासाठी. दोन्ही निराळ्या जातींची व एकाच वेळी फुलणारी हवीत. आम्ही एक ‘एचआरएमएन-९९’ आणि एक ‘ॲना’ लावले. नाव ऐकल्यापासून आजी दुसऱ्याला ‘अण्णाचं झाड’ म्हणते.

रोप घेताना वरच्या काडीइतकीच खालच्या खुंटाचीही चौकशी करावी. झाडाची उंची व ताकद खुंटावर ठरते. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्राने खुंटांचे वर्गीकरण केले. त्यांतील ‘एम-९’ या खुंटावरचे झाड माणसाच्या दीडपट उंचीचे, लवकर फळणारे, पण मुळाने दुबळे असल्याने जन्मभर काठीचा आधार लागणारे असते. ‘एमएम-१११’वरचे झाड मोठे होते आणि कोरड्या जमिनीत अधिक तग धरते. आमच्यासारख्या मुरमाड माळावर दुसरा प्रकार बरा.

खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा आणि माती व कुजलेले शेणखत मिसळून भरावा. पाणी साचणारी जागा टाळावी. सफरचंदाचे मूळ पाण्यात कुजते. कलमाचा सांधा जमिनीच्या वर चांगला वीतभर राहिला पाहिजे. तो मातीखाली गेला तर वरच्या काडीलाच मुळे फुटतात आणि खुंटाचा गुण वाया जातो. खोडाला चुना लावावा, म्हणजे उन्हाने साल भाजत नाही. बुंध्याभोवती उसाचे पाचट अंथरावे. आमच्याकडे न्हाणीचे पाणी थेट न सोडता आळ्यातून जिरवून देतो.

आमच्या झाडांचे पहिल्या हिवाळ्यातले वागणे पुस्तकातल्यासारखेच निघाले. जुनी पाने गळलीच नाहीत. फेब्रुवारीत फक्त शेंड्याचे डोळे फुटले; खालची फांदी हातभर उघडीच राहिली. पुरेशी थंडी न मिळालेल्या झाडाचे हेच लक्षण सांगितले आहे. दुसऱ्या हिवाळ्यात डिसेंबरअखेर पाणी तोडले, अण्णांनी व मी पाने हाताने काढली आणि सुतळीने फांद्या आडव्या बांधल्या. या खेपेस खालचेही पुष्कळ डोळे फुटले आणि काही फुले आली. दोन झाडांची पाने काढायला आम्हां दोघांना एक सकाळ पुरली. अण्णांनी त्याच वेळी मनाशी एकराचा हिशेब केला असावा, कारण घरी जाताना ते स्वतःशीच “तीनशे त्रेसष्ट!” असे म्हणाले.

सफरचंदाचे फूल पाच-सहांच्या झुबक्याने येते. मधले फूल आधी उमलते व त्याचेच फळ बहुधा सर्वांत मोठे होते. झुबक्यात सारीच फळे ठेवली तर सगळी लहान राहतात, फांदी मोडते आणि झाड पुढल्या वर्षी फळतच नाही. वर्षाआड फळण्याचा हा दोष आंब्यातही आपण पाहतो. म्हणून फळ सुपारीएवढे होताच झुबक्यामागे एकच ठेवून बाकीची खुडावीत, दोन फळांत वीतभर अंतर असावे. लहान झाडाची तर पहिल्या दोन वर्षांची सर्वच फळे काढणे हिताचे, म्हणजे झाड आधी अंग धरते. आमच्या आजीला हे मुळीच पटले नाही. “पोटचं कुणी तोडतं का?” म्हणून ती दिवसभर बोलली नाही. शेवटी तिच्या शब्दाखातर ‘अण्णाच्या झाडा’वर एक फळ राखले.

फळ उतरवणे आणि साठवणे

फळ केव्हा उतरवावे हे लालीवरून ठरवू नये. लाली उन्हाने व थंड रात्रींनी चढते. ती पिकल्याची खूण नव्हे. खरी खूण लालीखालच्या रंगात आहे. देठाजवळचा गर्द हिरवा रंग जाऊन तेथे पिवळसर झाक येऊ लागली की फळ तयार होत आले. दुसरी खूण बीची : फळ कापून पाहावे, बी पांढरी असेल तर कच्चे, तपकिरी असेल तर तयार. तिसरी रीत दवाखान्यातल्या आयोडीनची. कच्च्या फळात पिष्ट असते, पिकताना त्याची साखर होते. कापलेल्या फोडीवर आयोडीन लावले असता जेथे पिष्ट आहे तेथे काळेनिळे होते. मधला भाग पांढरा राहून कडेलाच काळेपणा दिसला, तर फळ उतरवण्यास हरकत नाही.

उतरवताना फळ ओढू नये. तळहात फळाखाली धरून ते वर उचलावे व किंचित पिळावे. तयार फळ देठासह आपसूक हातात येते. न आल्यास त्याला आणखी चार दिवस द्यावेत. ओढल्याने दोन नुकसाने होतात. देठ निघाल्याच्या जखमेतून फळ सडते; आणि ज्या आखूड, गाठाळ फांदीवर ते लागलेले असते ती मोडते. त्याच फांदीवर पुढची कित्येक वर्षे फळ यायचे असते. एका झाडाची सर्व फळे एकदम तयार होत नाहीत, बाहेरची व वरची आधी होतात. म्हणून दोन-तीन फेऱ्यांत काढावीत. सकाळच्या गारव्यात काढावीत आणि टोपलीत टाकू नयेत, ठेवावीत. हिमाचलातील मजूर पाठीवरच्या ‘किल्टा’ नावाच्या टोपलीतून डोंगर उतरतात, तेही फळाला धक्का न लावता.

सफरचंद झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहते. त्यातून एथिलीन नावाचा वायू निघतो व तो शेजारच्या फळांनाही पिकवतो. म्हणून सडके फळ चांगल्यांत ठेवू नये ही म्हाताऱ्यांची शिकवण शास्त्राला धरून आहे. आणि म्हणूनच कच्ची केळी लवकर पिकवायची तर त्यांच्यात एक सफरचंद ठेवावे. शीतगृहात शून्याच्या जवळपास तापमानात हे फळ महिनोन्‌महिने टिकते. आमच्या परसातले, उन्हात वाढलेले फळ तितके टिकणार नाही. ते आठ-दहा दिवसांत खाऊन किंवा शेजाऱ्यांत वाटून संपवावे. पडलेली व पाखरांनी टोचलेली आधी वापरावीत.

आजीने राखलेले ते एक फळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वर सांगितल्या रीतीने हातात आले. मुठीएवढे, पिवळट, एका गालावर तांबूस. घरात आम्ही सहा जण. सहा फोडी केल्या. चव गोड, थोडी आंबूस, गर मऊसर. अण्णांनी आपली फोड खाऊन बी हातावर घेतली आणि ती तपकिरी आहे ना, हे मला दाखवून खात्री करून घेतली.

उपसंहार

या अभ्यासातून मला दिसले ते थोडक्यात असे. सफरचंद आपल्या प्रदेशात अशक्य नाही आणि सोपेही नाही. कमी थंडीच्या जाती, योग्य खुंट, दोन जातींची सोबत, हाताने पानगळ व वेळेवर विरळणी एवढे सांभाळले तर परसात घरापुरते फळ मिळू शकते. त्यावरून एकराचा निर्णय लगेच घेता येत नाही. एकराला बाजार, मजुरी, कर्ज व पाऊस यांचीही उत्तरे लागतात आणि ती एका फोटोत नसतात.

नवे पीक पुष्कळदा फोटोतून येते आणि शेतकऱ्याचे सारे भांडवल एकदम मागते. परस तसे मागत नाही. तेथे चूक झाली तर एक खड्डा वाया जातो, घर जात नाही. साउथवेलची मुलगी, सिडनीजवळच्या आजीबाई आणि पनियालाचे हरिमन शर्मा यांनी परसात जे केले ते मुळात एवढेच : उगवले ते उपटले नाही, फळेपर्यंत वाट पाहिली आणि नीट पाहिले. आपल्या महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. आपण शिकलेल्या भूगोलाचा, अर्थशास्त्राचा हिशेब घरी वाचून दाखवण्याचा प्रसंग त्यांच्यावरही येईल. तेव्हा रानाला हात घालण्याआधी दोन झाडे परसात लावावीत, एक वही करावी, तीत थंडी, फुट, फूल व फळ यांच्या तारखा लिहाव्यात, एवढीच माझी त्यांना विनंती आहे. आमच्या वहीची अकरा पाने आजवर भरली आहेत. पुढच्या पानावर या हिवाळ्याच्या पानगळीची तारीख अण्णा स्वतः लिहिणार आहेत.